कन्हानच्या थांब्यावरचं मौन

समस्त भाविकांना, आणि विशेष करून माझ्या सासरच्या मंडळींना, अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की मी आयुष्यात एकदा अख्खी सकाळ गप्प बसले होते. याला साक्षीदार फक्त देवी आहे.

कारण मात्र हसण्यासारखं नव्हतं. एकोणीसशे सत्तरच्या पुढची ती वर्षं. माझा एक स्तन कर्करोगाने नेला होता आणि रामदासपेठेतल्या दवाखान्यात विजेचा शेक, म्हणजे किरणांचा उपचार, सुरू होता. जिथे शेक द्यायचा तिथे जांभळ्या शाईने रेघा आखलेल्या. त्या पुसू नयेत म्हणून धड आंघोळही नाही. शिंप्याने खुणा केलेलं कापड झाले होते मी. कातडी भाजून काळी पडली, घास गिळवेना, आणि बरं होण्याचा शब्द डॉक्टर काही देईनात. मग मी चौकशीला निघाले. दवाखान्याच्या बाकावर, भाजीबाजारात, हळदीकुंकवात, जो भेटेल त्याला विचारायचे. कुणी गोमूत्र सांगे, कुणी कडुनिंबाचा रस, कुणी अंगारा. प्रत्येकाच्या ओळखीत कुणीतरी ठणठणीत बरा झालेला असे. तो राहतो कुठे, असं विचारलं की लगेच चहा पुढे येई. देवीपुढे बसले की तिलाही तेच विचारायचे. ती कुंकवाआडून नुसती बघायची.

अखेर कळलं की कन्हानला नदीकाठी एक महाराज मुळी देतात. मात्र त्यासाठी शेक पुरता सोडायचा. मुळी कसली ते विचारायचं नाही. आणि ती हातात घेतल्यापासून घरी देवापुढे बसून गिळेपर्यंत एक शब्द बोलायचा नाही. बोललं की गुण गेला. मी शेक सोडायचं ठरवलं. ह्यांनाही सांगितलं नाही.

मुठीत पुडी धरून कन्हानच्या बसथांब्यावर बसले. मनातल्या मनात देवीला म्हटलं, चुकत असेन तर आताच सांग, नंतर मी ऐकायची नाही.

बाजूला एक बाई येऊन टेकली. माझ्याच वयाची, लुगड्याचा पदर छातीशी घट्ट आवळलेला. माझ्या गळ्याशी डोकावणारी शाईची रेघ बघून म्हणाली, "शेक घेऊन राहिल्या का, बाई?"

मी मान हलवली. तिने माझी बंद मूठ पाहिली.

"म्हाराजाची मुळी? मंग बोलू नोका. माह्या बहिणीनंबी नेली होती. गाठ बारीक होती तवा. शेक सोडला तिनं. आता फुटली." मग म्हणाली, "काहून सोडला, असं कोनी इचारलंच नाही तिले."

वारा फिरला आणि मला वास आला. सडलेल्या जखमेचा तो वास दवाखान्याच्या बाकावर बसलेल्यांना ओळखावा लागत नाही. माझं नाक आकसलेलं तिला दिसलं. तिने पदर आणखी आवळला.

"बहीण नाही वं, बाई. मीच होय. दुसरी मुळी न्याले आली."

मी ताडकन उठले आणि ओरडले, "चला माझ्यासंगं दवाखान्यात, आत्ताच्या आत्ता!" पुडी कुठे पडली, देवी जाणे. बस आली. मी तिचा हात सोडला नाही.

तिला वाचवणं कुणाच्याच हाती उरलं नव्हतं. डॉक्टरांनी जखम धुतली, कळा कमी होतील असं औषध दिलं. उन्हाळा लागायच्या आत ती गेली. माझा शेक पुरा झाला, मी आहे. मला का ठेवलं आणि तिला का नेलं, हे देवीला कितीदा तरी विचारलं. ती बघते. आता उत्तरासाठी हटून बसत नाही. पण हात जोडले की मूर्तीच्या जागी तो घट्ट आवळलेला पदर दिसतो, आणि मी आधी त्याला नमस्कार करते. देवीवर सोपवायचं म्हणजे तोंड शिवून बसायचं नसतं, एवढं त्या सकाळी कळलं. आताही काढे घेते मी, पण कोणता ते डॉक्टरांना सविस्तर सांगते. ते बिचारे घड्याळ बघत ऐकतात.

पण थांब्यावरची एक गोष्ट मी राखून ठेवली होती. मी ओरडले तेव्हा ती बाई आधी दचकली. मग स्वतःचं दुखणं विसरून तिने कपाळावर हात मारला, आणि सगळ्या थांब्याला ऐकू जाईल अशी कळवळून म्हणाली, "अवं बाई, बोलल्या नं तुम्ही! गेला नं तुमचा गुण!"