डबीची मागची बाजू

दारात आलेल्या गिऱ्हाइकाला हाकलून लावणारा दुकानदार तुम्ही पाहिला आहे का? मी पाहिला आहे आणि पाच वर्षं त्या दुकानात कामही केलं आहे. आमच्या सावली गावात बाजाराच्या रस्त्यावर बाईंचं कटलरीचं दुकान होतं. बांगड्या, टिकल्या, पावडरी, क्रीम असा सगळा माल. एखादी पोरगी येऊन "बाई, गोरं व्हायची क्रीम द्या" म्हणाली की बाई चष्म्यावरून तिच्याकडे बघायच्या. "काऊन वं? आत्ताचा रंग कोणी वापस मागून राह्यलं का?" पोरगी बिचारी टिकलीचं पाकीट घेऊन निघून जायची.

डबी हातात आली की बाई ती आधी उलटी करत. पुढच्या बाजूला केशर, मोती आणि दात काढून हसणारी नटी. तिकडे त्या ढुंकूनही पाहत नसत. "पुढं फोटो असते, माल मांगं लिहून असते," म्हणायच्या. दहावीपर्यंत शिकलेल्या बाई मागची बारीक अक्षरं बोट ठेवून वाचायच्या. यादीत आधी लिहिलेलं जास्त आणि शेवटी लिहिलेलं नावापुरतं, एवढं त्यांना पक्कं ठाऊक होतं. एकदा एक एजंट सोन्याची क्रीम घेऊन आला. टाय लावून, घामाघूम होऊन सोन्याचे गुण सांगत होता बापडा. बाईंनी डबी उलटी केली. सोनं अगदी तळाशी होतं, अत्तराच्याही खाली. "यापेक्षा जास्त सोनं माह्या दातात आहे. उचल पेटी!" त्या एजंटाने पुन्हा आमच्या रस्त्यावर पाय ठेवला नाही.

पण बाई कंजूष होत्या असं समजू नका. कुठे पैसे टाकायचे याचा त्यांचा कायदा होता. "जे नालीत जाते ते सस्त घे. जे अंगावर राहते त्याले पाहून घे, अन् पैसे लाव." म्हणजे साबण, फेसवॉश कुठलाही चालेल. उन्हाची क्रीम आणि टाचांचं मलम मात्र चांगलंच हवं. तहसीलमधल्या एक मॅडम तीन-तीन सीरमं घेऊन जायच्या आणि उन्हाची क्रीम हळदीचं बोट लावल्यासारखी नाकाला पुसायच्या. त्या गेल्या की बाई म्हणायच्या, "पगार तोंडाले चोपडते अन् तोंड उन्हात वाळू घालते." भाताची रोपं लावणाऱ्या रोवणीच्या बाया हनुवटीखाली का भाजतात, हे मला बाईंनीच दाखवलं. बांधीतल्या, म्हणजे भातखाचरातल्या, पाण्यावरून ऊन उलटतं आणि खालून तोंडावर येतं. डोक्यावर कितीही मोठा दुपट्टा घ्या, तिथे काही चालत नाही.

एवढं सगळं रोज कानावर पडत असूनही मी काय केलं? माती खाल्ली! चामोर्शीच्या एका शिक्षकाचं स्थळ सांगून आलं होतं. फोटोतच मला तो आवडला होता. रोवणी आटोपली की पाहायला येतो, असा निरोप होता. मी गुपचूप चंद्रपूरला जाऊन एका पार्लरमधून ट्यूब आणली. महिन्याचा अख्खा पगार तिच्यात गेला. रात्री लावायची, असं पार्लरवालीने बजावलं होतं. पण मी शहाणी ना! एवढी महाग आहे तर दिवसा दुप्पट काम करेल, म्हणून सकाळी तोंडाला थापायची आणि रोवणीपुरती दुकानातून सुट्टी घेऊन आईसोबत बांधीत उतरायची. पहिले आठ दिवस चेहरा असा उजळला की आई खूश. पंधराव्या दिवशी गाल सोलले, हनुवटी लालबुंद झाली, पाणी लागलं तरी आग व्हायची.

तोंडाला दुपट्टा गुंडाळून दुकानात गेले. बाईंनी दुपट्टा ओढला, एक शिवी हासडली आणि हात पुढे केला. "आण ती ट्यूब." मी दिली. त्यांनी उलटी केली. मागची बाजू कोरी होती. एक अक्षर नाही. "माह्या दुकानात बसून हे शिकली का तू?" म्हणाल्या. दुकानाचं शटर ओढलं आणि त्याच पावली मला बसने चंद्रपूरला चामडीच्या डॉक्टरकडे नेलं. ट्यूबमध्ये स्टिरॉईड असणार, असं डॉक्टर म्हणाले. चेहरा निवायला काही महिने लागणार होते आणि पाहुणे येणार होते चौथ्या दिवशी.

पाहुणे यायच्या दिवशी आईने पावडरचा डबा काढला. बाई तेव्हा आमच्याच घरी होत्या. त्यांनी तो डबा स्वतःच्या पिशवीत घातला. मुलाच्या आत्याने विचारलंच, "पोरीच्या तोंडाले काय झालं?" मी मान खाली घातली. बाई म्हणाल्या, "तुमच्यासाठी गोरी होऊन राह्यली होती. क्रीमनं भाजलं. दवा चालू आहे, बरं होते. पोरगी कामाची आहे, पटत असंल तर बोला, नाई तर चहा घ्या." पाहुण्यांनी चहा घेतला. पुढे काही निरोप आला नाही. महिनाभर मी बाईंशी धड बोलले नाही. त्यांनी माझं लग्न मोडलं, असंच मला वाटत होतं. पार्लरवालीवर मात्र मला राग आला नव्हता. एवढी मी मूर्ख!

पुढे माझं लग्न झालं, उशिरा झालं, चांगलं झालं. मी गडचिरोलीला आले. गेल्या वर्षी बाईंच्या किडन्या गेल्याचं कळलं. भेटायला गेले तर अंग कोरडं पडून भेगाळलं होतं, खाजवून खाजवून हातापायांवर रक्त आलेलं. खोबरेल झालं, व्हॅसलीन झालं, कशानेच भागत नव्हतं. मी चंद्रपूरला त्याच डॉक्टरांना विचारून बिनवासाची घट्ट क्रीम घेतली. त्या ट्यूबवर घालवलेला पगार आठवावा अशी महाग. माझा हात एकदाही थबकला नाही.

डबी बाईंच्या हातात दिली. त्यांनी सवयीने उलटी केली, डोळ्यांजवळ नेली आणि परत माझ्याकडे सरकवली. "दिसत नाई आता. तूच वाच." मी बोट ठेवून एकेक नाव वाचलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत. त्या डोळे मिटून ऐकत होत्या. अत्तर नाही, रंग नाही, केशर नाही. वाचून झालं. मला वाटलं, झोपल्या.

मग त्यांनी पाय माझ्याकडे केले. "पैसे बराबर लावले तू," म्हणाल्या. "लाव."

पाच वर्षांत बाईंनी माझं कधी कौतुक केलं नव्हतं. मी त्यांच्या टाचांना क्रीम लावत बसले आणि रडू मला आवरेना.

त्या महिन्याभरात गेल्या. डबी अर्धी उरली होती.