शहापुरातली कोरडी गादी

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांना मी तोंडावर हसत आले... आजही हसते. तरी घडलं ते घडलं!

महायुद्ध नुकतंच संपलं होतं. मी निपाणीत नर्स होते. खेड्यातल्या अडलेल्या बायका बैलगाडीतून दवाखान्यात पोचेपर्यंत हाती काही उरत नसे. म्हणून जुनी मोटार घ्यायची आणि माझा थोरला भाऊ अण्णा ती चालवेल, असं आम्ही ठरवलं.

बेळगावात शहापूरच्या एका साडी-व्यापाऱ्यांकडं एक विकाऊ होती. भर दुपारी त्यांच्या अंगणात अण्णा ती तपासत होता.

"मालक, पुरात बुडालीती काय?"

"न्हाय हो! थेंब लागला न्हाय."

"मग मागची गादी एवढी नवी?"

"जुनी उंदरांनी कुरतडली."

अण्णानं इंजिनचं तेल पाहिलं, पायाखालचं जाजम उचलून हुंगलं. सगळं कोरडं. मी मागच्या गादीवर टेकले — आणि कमरेखाली लुगडं चिंब! गार, गढूळ पाणी. ताडकन उठले, गादीवर हात फिरवला... ठणठणीत कोरडी. ओचा पिळला तर बोटांना वाळू लागली. अण्णानंही पिळून पाहिला.

ती वाळू पाहून व्यापारी बोलते झाले.

"थोरली सून आमची... दिवस भरलेते. दवाखान्यात नेताना ओढ्याला लोंढा आला. ड्रायव्हर पोहून निघाला. ती मागं बसलीती."

"चल गं," अण्णा म्हणाला. "असली मोटार नको आपल्याला."

भीती वाटली, नाही कशाला म्हणू? पण राग जास्त आला. पोर बुडाली, आणि हे म्हणतात थेंब लागला नाही! मी पुन्हा तिथंच जाऊन बसले.

"भिजव किती भिजवायचं ते," मी मोठ्यानं म्हणाले. "मी उतरणार न्हाय. मला बाळंतिणी न्यायच्यात ह्यातनं."

अण्णा डोळे मिटून उभा होता. पाणी आलं नाही. नंतरही कधीच नाही.

मोटार आम्ही घेतली. अण्णानं इंजिन सगळं उघडून साफ केलं. घरच्यांनी भटजी बोलावून मोटारीची शांत करा म्हणून धोशा लावला, मी साफ नकार दिला. ते पाणी कुठून आलं, मला आजही सांगता येत नाही. भास म्हणावा, तर ते लुगडं अण्णानंही पिळलं होतं.

ती मोटार घ्यायला नको होती, असं लोक म्हणतात. म्हणोत! ज्यांच्या लेकी-सुना तिच्यातून दवाखान्यात पोचल्या, त्यांच्यातलं कुणी असं बोललेलं मी तरी ऐकलं नाही.