वाळूतला पंजा

सोनं शोधण्याचा नाद मला नोकरी गेल्यावर लागला. तेलाचे भाव कोसळले, कॅल्गरीतल्या आमच्या ऑफिसचे मजलेच्या मजले रिकामे झाले, आणि बावीस वर्षं पाइपलाइनची डिझाइनं काढणारा मी भर दुपारी घरात सपाता घालून फिरू लागलो. बायको हॉस्पिटलातून ड्यूटी करून यायची आणि विचारायची, "अहो, आज कुठे अप्लाय केलंत?" मी भिंतीकडे बघून कुठलं तरी नाव सांगायचो. एका गराज सेलमध्ये स्टीलचं जुनं गोल्ड पॅन दिसलं, नदीची वाळू पाण्यात फिरवून सोनं वेगळं करायची पसरट थाळी. गंमत म्हणून घेतलं, आणि पहिल्याच रविवारी नदीवर त्यात टाचणीच्या टोकाएवढा एक पिवळा कण चमकला.

अभ्रकही चमकतं, पण हाताची सावली धरली की विझतं. सोनं सावलीतही पिवळंच राहतं. त्या कणावर मी तीन-तीनदा सावली धरली. तो पिवळाच राहिला. माझ्या छातीत जे धडधडलं, ते नोकरीच्या पहिल्या पगारालाही धडधडलं नव्हतं.

पुढच्या ऑगस्टमध्ये, म्हणजे दोन हजार सोळाला, माझा साडू टोरंटोजवळच्या एटोबिकोहून सहकुटुंब आला. माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. सॉफ्टवेअरवाला, गोल चेहऱ्याचा, दिलखुलास माणूस. मला दादा म्हणतो. बहिणी-बहिणी बॅन्फला जाणार होत्या. आम्ही दोघे दोन रात्रींसाठी ब्रिटिश कोलंबियात, क्रॅनब्रूकच्या वरच्या डोंगरात. तिथल्या एका ओढ्यावर हातानं पॅन करायला कोणालाही मुभा होती.

निघताना मेव्हणीनं गाडीच्या खिडकीत डोकं घातलं. "भाऊजी, याला जंगलातलं काही म्हणजे काही कळत नाही. अस्वलाची विष्ठा दिसो, पंजा दिसो, काहीही दिसलं की सामान तिथेच टाकायचं आणि गाडीत बसायचं. वचन द्या."

"दिलं," मी म्हणालो.

"आणि मला कोण विचारणार?" साडू म्हणाला.

"तू डबे सांभाळ," ती म्हणाली.

लाकूडतोडीच्या कच्च्या रस्त्यानं दीड तास आत गेलो, तंबू ठोकला आणि ओढ्यात उतरलो. पॅन करायची इथल्या लोकांची रीत म्हणजे बादली पालथी घालून तिच्यावर बसायचं, नाहीतर गुडघ्याएवढ्या पाण्यात उभं राहून वाकायचं. आम्ही दोघे आपले काठाशी उकिडवे. लहानपणापासूनची सवय. असं बसलं की पॅन बरोबर पाण्याच्या पातळीला येतं आणि मनगट मोकळं राहतं. खाली ओढ्यावर एक म्हातारा गोरा सोनंवाला काम करत होता. येता-जाता तो थांबून आमच्याकडे बघत राहिला आणि शेवटी म्हणाला, "तुमचे गुडघे विकायचे असतील तर सांगा." साडू एवढा खूश झाला की दिवसभर मुद्दाम उकिडवाच बसला.

या बसण्याची एक अडचण होती. बेअर स्प्रेचा, म्हणजे अस्वलाच्या तोंडावर मारायच्या तिखट फवाऱ्याचा डबा पट्ट्याला लावला की पोटात रुतायचा. तासाभरात आम्ही दोघांनीही डबे काढून काठावरच्या पिशवीत ठेवले. उभं राहून काम करणाऱ्याला ही बुद्धी झाली नसती.

संध्याकाळी उजेड जाता जाता मला ओढ्याच्या वळणावर खडकातली एक भेग सापडली. हातभर लांब, काळ्या वाळूनं ठासलेली. शेवटचा चमचाभर गाळ पॅनमध्ये घेऊन फिरवला आणि तळाशी सात-आठ पिवळे कण एका ओळीत उभे राहिले.

"दादा!" साडू ओरडला. "हे खरं आहे?"

"सावली धर."

त्यानं टोपी काढून धरली. कण पिवळेच. आम्ही दोघे पन्नाशीकडे झुकलेले बाप्ये पाण्यात नाचलो. भेग पूर्ण उपसायला सकाळचा उजेड हवा होता. मला झोप म्हणून लागली नाही.

सकाळी साडू स्टोव्हवर आलं ठेचून चहा टाकत होता आणि मी पाणी आणायला खाली गेलो. भेगेपासून वीस पावलांवर ओल्या वाळूत पंजा उमटला होता. माझ्या तळव्याएवढा. चार बोटं, नखांची खूण नाही, मागची गादी रुंद. काठावरून अजून त्यात पाणी झिरपत होतं, म्हणजे जनावर फार तर अर्ध्या तासापूर्वी गेलेलं. कुत्रा नाही, लांडगा नाही. कुगर. इथले लोक ज्याला डोंगरातला सिंह म्हणतात ते तांबूस, लांब शेपटीचं मांजर.

मला ते कळलं नाही असं मी म्हणू शकत नाही. माझं लहानपण चंद्रपूरच्या जंगलाकाठच्या गावात गेलं. मोहफुलं वेचायला वाकलेल्या, खाली बसलेल्या बायांवर वाघ का येतो, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. उभा माणूस त्याला माणूस दिसतो. बसलेला माणूस त्याला हरणासारखा दिसतो.

मी वर तंबूकडे पाहिलं. साडू चहा गाळत होता. मी बूट उचलला आणि तो पंजा पुसून टाकला. एकदा नाही. दोनदा, नीट.

का, ते सांगतो, पण ती सबब म्हणून नाही. पंजा दाखवला असता तर दहा मिनिटांत गाडीत बसावं लागलं असतं. आणि मला ती भेग हवी होती. सोन्याचं मोल फार नव्हतंच. पण वर्षभरात मला एकाही गोष्टीत यश आलं नव्हतं, आणि त्या भेगेत मी बरोबर ठरणार होतो. मी मनाला सांगितलं, जनावर निघून गेलंय, आपण लक्ष ठेवू.

लक्ष ठेवण्याची तयारीही केली. भेगेशी एकाच माणसाला बसता यायचं आणि ते जंगलाकडे पाठ करून. तिथे मी साडूला बसवलं. "मान तुझा, पाहुणा आहेस." त्यानं उपसून द्यायचं आणि मी समोर पाण्यात, जंगलाकडे तोंड करून पॅन फिरवायचं. वर त्याला म्हणालो, "गाणं म्हण की काहीतरी. मोठ्यानं."

"सकाळी सकाळी?"

"जंगलात आवाज असावा."

त्यानं गणपतीच्या आरत्या सुरू केल्या. एकही धड येत नव्हती. अर्ध्यातून दुसरीत उडी मारायचा आणि मला विचारायचा, "पुढे काय हो?" मी पुढची ओळ द्यायचो, झाडांकडे नजर फिरवायचो, पॅन फिरवायचो. पहिलं पॅन, पाच कण. दुसरं, नऊ. तिसऱ्या पॅनमध्ये काळी वाळू सरकली आणि तिच्याखालून एक खडा निघाला. कण नव्हे, खडा! तुरीच्या डाळीएवढा, एका बाजूनं चपटा, ओला, जड. मी तो उचलला नाही. नुसता बघत राहिलो. आणि त्याच वेळी मी झाडांकडे बघायचं विसरलो.

आरती थांबली होती. साडू ओळ आठवत होता. त्या शांततेत मी मान वर केली.

साडूच्या मागे आठ-दहा पावलांवर आडवं पडलेलं एक झाड होतं. त्या खोडाच्या वर एक चेहरा होता. एवढा स्वच्छ, एवढा सुबक चेहरा मी जन्मात पाहिलेला नाही. पांढरी हनुवटी, मिशांशी काळी रेघ, फिकट सोनेरी डोळे. ते साडूच्या पाठीवर रोखलेले होते. खोडाच्या उजव्या टोकाला जाड शेपटीचं टोक हळूच हललं. मग दिसलं की त्या जनावराच्या मागे झुडपात आणखी एक उभं आहे, जरा लहान, आणि त्याच्या बाजूला तिसरं. आई आणि तिची जवळपास वाढलेली दोन पिल्लं.

"ऊठ," मी म्हणालो. "ऊठ! उभा राहा! पळू नकोस!"

"मिळालं काय?" साडूचा चेहरा उजळला.

"मागे कुगर आहे. उभा राहा."

त्यानं मान वळवली, पाहिलं आणि उठायला गेला. उठताच आलं नाही. दीड तास उकिडवं बसून दोन्ही पाय बधिर झाले होते. तो हातांवर आडवा पडला. "दादा, पाय... मुंग्या... पायच नाहीत!"

तो आडवा झाला तशी ती खोडावर चढली. पोट खोडाला टेकलेलं, खांदे उचललेले. स्प्रेचे डबे पिशवीत, आणि पिशवी त्याच खोडाला टेकवलेली.

मी पाण्यातून धावलो. साडूच्या बगलेत हात घालून त्याला उचललं, जोंधळ्याचं पोतं उचलावं तसं. त्याचं पूर्ण वजन माझ्या डाव्या खांद्यावर. उजव्या हातात पॅन अजून होतं. "ओरड! हात वर कर!" तो ओरडू लागला, आणि काय ओरडला तर आठवत नव्हती ती आरतीची ओळ. मी मराठीतल्या ठाऊक असतील तेवढ्या शिव्या घातल्या. ती फिस्कारली. सगळे दात दिसले. मागे न सरता तिनं पुढचा एक पाय खाली टेकवला.

पॅन फेकायचं होतं. दुसरं काही हाताशी नव्हतं. आणि माझा हात थांबला. पॅनमध्ये तो खडा होता. एक क्षण, कदाचित दोन. मग मी ते जीव खाऊन भिरकावलं.

स्टील खडकावर आपटलं आणि डोंगरभर घण वाजल्यासारखा आवाज झाला. ती जागच्या जागी वळली. तिघंही एकदम दिसली, तांबूस, लांब, पाण्यासारखी, आणि पुढच्या क्षणी झुडपं होती, ती नव्हती. एक काटकीसुद्धा मोडल्याचा आवाज आला नाही.

आम्ही गाडीपर्यंत पाठीला पाठ लावून खेकड्यासारखे आडवे चालत गेलो. पिशवी आणि तंबू तिथेच राहिले. दार लावलं आणि साडू हसायला लागला. मलाही हसू फुटलं. पोट दुखेपर्यंत हसलो. "काय जनावर आहे, दादा! तिचे डोळे बघितले? तीन! तीन बघितले आपण! लोकांना आयुष्यात एक दिसत नाही!" तो माझ्या मांडीवर थापा मारत होता. मीही बोलत होतो, दोघेही एकाच वेळी. खरं सांगतो, इतका आनंद मला कित्येक वर्षांत झाला नव्हता. पंजाची आठवणसुद्धा नव्हती.

रस्त्याला लागल्यावर फोनला सिग्नल आला. त्यानं बायकोला फोन लावला. "अगं, मी आज नसतोच. दादा पाण्यातून धावत आले, मला उचललं..." तिचा रडण्याचा आवाज मला ऐकू आला. मग ती म्हणाली, "फोन भाऊजींना दे." मी गाडी चालवत होतो, म्हणून स्पीकर लावला. "भाऊजी, तुमचे उपकार मी कसे फेडू?"

तेव्हा मला तो पंजा आठवला. पुढचे चार तास साडू बोलत होता आणि मी हूं-हूं करत होतो.

घरी पोचलो तेव्हा ऊन होतं, आणि फोन झाल्यावर बॅन्फहून निघालेल्या दोघी बहिणी आमच्या आधी पोचल्या होत्या. मेव्हणीनं आम्हा दोघांना दारातच उभं केलं. मूठभर मीठ, मोहरी आणि सुक्या मिरच्या घेऊन ती दृष्ट काढणार होती. बायको मागे डोळे पुसत उभी. मेव्हणीची मूठ आधी माझ्यावरून फिरू लागली, नवऱ्याच्या आधी माझ्यावरून. मला ते सहन झालं नाही.

"थांब," मी म्हणालो. "पंजा मी सकाळीच पाहिला होता. ताजा. मी तो बुटानं पुसला आणि याला तिथेच पाठमोरा बसवला."

मूठ हवेतच राहिली. मग तिनं ती नवऱ्यावरून तीनदा उतरवली, माझ्याकडे न बघता, आणि स्वयंपाकघरात गेली. तिनं ते सगळं तव्यावर टाकलं असावं, कारण मिरच्यांच्या धुरानं स्मोक अलार्म कोकलू लागला. बायको टॉवेल घेऊन धावली.

साडू आणि मी मागच्या दाराबाहेर लाकडी डेकवर जाऊन बसलो. तो पोटऱ्या चोळत होता.

"मी चहा करत होतो तेव्हा?"

"हो."

"आणि ते गाणं म्हण, गाणं म्हण..."

"हो."

"साडू आहात की कोण आहात हो?" तो म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. तो कुंपणाकडे बघत होता. मग म्हणाला, "पॅन फेकताना तुमचा हात थांबला होता. मी बघितलं. तुमच्या खांद्यावरच होतो ना मी."

गाडीत, फोनवर, एवढं भरभरून सांगताना त्यानं ते गाळलं होतं. चार तास त्याला ते ठाऊक होतं.

"तिला सांगितलं नाहीस," मी म्हणालो.

"वाचवलंत हेही खरंच होतं. म्हटलं, तेवढंच ठेवू. आता तुम्ही पंजाचं बोललात, तर हे तेवढं कशाला मागे ठेवता?"

"तू सांग तिला."

"मी नाही सांगणार. हात तुमचा होता."

तो उठला आणि उभा राहून पाय झटकू लागला. अजून आखडले होते म्हणाला. मी आत गेलो. धूर विरला होता, खिडक्या उघड्या होत्या. मेव्हणी ओट्याशी पाठमोरी उभी राहून तवा घासत होती. मी तिला हाक मारली. तिनं नळ बंद केला, पण ती वळली नाही. "पॅन फेकताना माझा हात..." मी तिच्या पाठीशीच बोलायला सुरुवात केली.