छान, बस खाली

माघात शिवारात हळद शिजायला लागली, की त्या उग्र, मातकट वासानं मला सातवीतली एक दुपार आठवते. शाळा गावात होती आणि मी तांड्यावरून चालत यायचे. त्या दिवशी खिडकीबाहेरच्या शेतात हळद शिजत होती आणि वर्गभर तिची वाफ कोंदली होती. गुरुजींनी माझ्या बाकावरच्या मैत्रिणीला फळ्यावर अपूर्णांकांची बेरीज करायला लावली. ती चुकली. "डोकं घरी ठिवून आलीस काय? पुन्हा कर!" असं म्हणत गुरुजींनी उत्तर बरोबर येईपर्यंत तिला फळ्यापासून हलू दिलं नाही. ती गावातल्या बागायतदाराची लाडकी लेक. सगळ्यांसमोर अपमान झाला म्हणून जागेवर येऊन रडायला लागली. मग माझी पाळी आली. मला बेरीज येत होती, पण मलाही तसंच थांबवून शिकवतील, या आशेनं मी मुद्दाम चुकीचं उत्तर लिहिलं. "छान, बस खाली," गुरुजी म्हणाले. मागून एक पोरगी ओरडली, "गुरुजी, तिचं बी चुकलंय!" "असू दे," ते हसले, "तांड्याची पोरगी शाळेत येऊन राहिली, हेच लय झालं." मैत्रीण डोळे पुसत पुटपुटली, "तुझं बरं हाय बाई, तुला कधी बोलतच न्हाईत." संध्याकाळी आईला सांगितलं, तर तीही हरखली. "लेकराला रागवले न्हाईत, देवमाणूस हाय," म्हणाली. आई अजूनही त्यांचं नाव आदरानं घेते. आणि इतक्या वर्षांनीही मला मैत्रिणीच्या त्या रडण्याचा हेवा वाटतो.