काथ्याची अँटेना

बाबांच्या बाबतीत मी एकदा धडधडीत खोटं बोलले, तेही ते स्वतः समोर बसलेले असताना.

एमटेकला असताना अंधेरीच्या कॉलेजात मी काड्यापेटीएवढी अँटेना करत होते. तांब्याच्या दोन पातळ पत्र्यांमध्ये एक पाटी लागते. ती सहसा काचतंतूंची असते आणि फेकली तर कुजत नाही. मला ती नारळाच्या काथ्याची करायची होती. बाबांना सांगितलं तर ते खुललेच. गिरणीत लागण्याआधी गावी त्यांनी सुंभ वळलेलं. मनोरीला मित्राच्या वाडीत जाऊन, खाडीच्या चिखलात खड्डा करून त्यांनी नारळाची सोडणं पुरली, वर दगड ठेवले. गावाकडे तसंच करतात. कित्येक महिन्यांनी ती काढून, बडवून, विंचरून काथ्या माझ्या हातात दिला. दिसायला एकदम झकास.

मी तो दाबून पाटी केली, अँटेना बसवली, आणि रोज तिच्या फ्रिक्वेन्सीचे आकडे वेगळे. एसीत एक, खिडकी उघडली की दुसरेच. पंधरा दिवस डोकं फोडल्यावर उजेड पडला. खाडीचं मीठ काथ्यात मुरलं होतं, आणि पावसाळ्यात मिठाची बरणी ओलावते तसा तो हवेतलं पाणी ओढत होता. इंजिनियर मी होते, आधी विचार मी करायला हवा होता. पण नाहूरला घरी येऊन मी बाबांवरच फणफणले. तुमच्या खाडीने माझ्या वर्षाची वाट लावली, असं म्हणाले.  दुसऱ्या दिवसापासून ते मोरीत बादल्या मांडून उरलेला काथ्या गोड्या पाण्यात धुवायला बसले. दर वेळचं पाणी जिभेला लावून बघायचे. ते खारट लागेनासं होईपर्यंत त्यांच्या बोटांना भेगा पडल्या. त्या काथ्याच्या पाटीचे आकडे मात्र एसीत आणि उघड्या खिडकीत जवळपास सारखेच आले, आणि माझं काम तिच्यावरच पुरं झालं.

शेवटच्या सादरीकरणाला बाबा इस्त्रीचा शर्ट घालून मागच्या रांगेत बसले होते. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी इंग्रजीत विचारलं, काथ्या कुठून आणला? वडिलांनी मोरीत धुतला म्हटलं तर हसतील, असं मला वाटलं. मला लाज वाटली, दुसरं काही नाही. लोकल मार्केटमधून, असं मी बेधडक सांगितलं. परीक्षकांनी मान डोलावली आणि पुढचा प्रश्न विचारला.

परतताना रिक्षात बाबा माझ्या शेजारी बसले होते. इंग्रजी त्यांना येत नाही, पण मार्केट हा शब्द कळतो. पवईच्या सिग्नलला म्हणाले, "मार्केटात गावता तर आधी सांगूचा ना गो. माझ्यामुळे उगाच तुझा वरीस फुकट गेला."

त्यात टोमणा नव्हता. त्यांना ते खरंच वाटत होतं. असा काथ्या कुठल्याच बाजारात मिळत नाही, एवढं एकच वाक्य मला बोलायचं होतं.

मी त्यांना माफ केल्यासारखं म्हणाले, "असू दे, बाबा."