शेंदराचा दगड

मंडळी, आज भजनाला यायची मला लाज वाटते, म्हणून हे लिहून पाठवतो. सर्वांना वाचून दाखवा.

दुपारी माझी सर्व्हिस मोटार चिखलीहून खामगावला नेताना नाल्याच्या उतारावर मागचे चाक पंक्चर झाले. उतारू खाली उतरले. दिवस भरलेली एक गरोदर बाई मात्र उन्हामुळे आतच बसून राहिली.

जॅक लावण्याआधी, मोटार सरकू नये म्हणून, पुढच्या चाकाला दगडाची ओट द्यायची, हा माझा नेहमीचा नेम. पण त्या काळ्या रानात एकच दगड होता, निंबाखाली, शेंदूर लावलेला.

भाजीची पाटी घेऊन निघालेली एक माळीण म्हणाली, "भाऊ, तो घ्या ना."

"देव चाकाखाली देऊ का, बाई?" मी म्हणालो, आणि जुन्या हातब्रेकवर भरवसा ठेवून जॅक चढवला.

चाक जमिनीवरून उचलले आणि मोटार जॅकवरून घसरून नाल्याकडे सरकू लागली. आतली बाई ओरडली. माळणीने तोच दगड उचलून चाकापुढे टाकला. मोटार थांबली. बाई सुखरूप उतरली.

मी माळणीला म्हणालो, "बाई, देवाला..."

"देवाले इचारलं म्या," ती म्हणाली. "तो म्हने, लाव. तुमी काऊन नाही इचारलं?"

चाक बदलल्यावर दगड धुऊन जागेवर ठेवला. हात जोडले, पण वर बघवेना.

दगडाला हात लावायला मी भ्यालो, हे तुम्ही समजून घ्याल. पण त्या बाईला "जरा खाली उतरा" म्हणायला मला कोणता देव आडवा आला होता?