फाटकापाशी थांबलेला ठिपका

मैत्रिणींनो, आज दुपारी इथे सौदीतल्या हाइल शहरात, आमच्या घरी माझी पोळी तव्यावरच करपली. लेक इंग्लंडमधल्या तिच्या खेड्याजवळ सायकल घेऊन डोंगरवाटेला गेली होती आणि फोनच्या नकाशावरचा तिचा ठिपका रानात अचानक थांबला.

फोन केला, उचलेना. पुन्हा केला.

शेवटी आवाज आला, "मम्मी, मेंढ्या चालल्यात! एका हाताने फाटक धरलंय, दुसऱ्या हातात सायकल. फोन लगेच कशाने उचलू?"

"पडली नाहीस ना?"

"नाही गं! पण पुन्हा अशी घाबरलीस तर लोकेशन बंद. खलास!"

ठिपका उतारावरून सुसाट निघाला. मी फोन पिठाच्या डब्यामागे ठेवला. दुसरी पोळी लाटून होण्याआधीच तो पुन्हा माझ्या हातात होता.

न बघता राहायला तुम्ही कशा शिकलात?